बाटलीभर ओढा

वाम माशाच्या आतड्यातून निघालेल्या पट्टकृमीचे एखादे जुने रेखाचित्र समोर घेऊन बसावे. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातून आणि त्याच्या छायेत वाढलेल्या महाविद्यालयांतून, बीड जिल्ह्यातल्याही, अशी चित्रे वर्षानुवर्षे निघत आली आहेत. डावीकडे कृमीचे शीर्ष, उजवीकडे एक पक्व खंड, शेजारी मिलिमीटरचे माप दाखवणारी छोटी रेघ. पहिल्या नजरेला चित्र कोरडे वाटते. दुसऱ्यांदा पाहा. शीर्षावर आकड्यांचा मुकुट आहे आणि त्यातला प्रत्येक आकडा मुळापासून टोकापर्यंत स्वतंत्र काढला आहे, कारण जात ठरवताना हे आकडे मोजायचे असतात. वृषणांचे गोल मोकळे ठेवले आहेत, पीतकग्रंथींचे कण कडेला बारीक टिंबांनी उमटले आहेत, अंडाशयाचे दोन्ही पंख एका सलग रेषेत आहेत. आणि जिथे एखादी नलिका दुसऱ्या अवयवाखालून जाते तिथे रेघ केसभर तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. छटेचा आधार न घेता, एवढ्याशा तुटीने चित्राला खोली येते. ती जागा सापडली की हात किती तयार होता ते कळते.

या हातामागे मोठी तयारी असते. कृमी आतड्यातून सोडवताना त्याचे शीर्ष तुटू द्यायचे नाही, कारण ओळख तिथेच असते. मग तो सैल करायचा, दोन काचांमध्ये हलका दाबून फॉर्मालिनमध्ये घट्ट करायचा, हिमॅटॉक्सिलिनमध्ये रंगवायचा, चढलेला जादा रंग आम्लाच्या थेंबाने उतरवायचा, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांनी त्यातले पाणी काढायचे, झायलीनमध्ये पारदर्शक करायचा आणि डीपीएक्सच्या थेंबात कायमचा बसवायचा. त्यानंतर सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा ल्युसिडा चढवून एका डोळ्याने कृमी आणि पेन्सिलीचे टोक एकाच वेळी पाहत रेघ ओढायची. डॉ. जी. बी. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळीच्या कुळातल्या माशातून सर्कमऑन्कोबोथ्रियम ही नवी प्रजातीच मांडली, ती याच वाटेने. पुढे सेंगा गोदावरी, सेंगा पैठणेन्सिस, लायटोसेस्टस मराठवाडाएन्सिस अशी नावे येत गेली. ज्या माशाला बाजारात किलोवर भाव मिळतो, त्याच्या आतड्याचा इतक्या निगुतीने अभ्यास करणारी माणसे आपल्या भागात निपजली, याचे मला फार अप्रूप आहे.

या चित्रकलेशेजारी आता दुसरी एक कला येऊन उभी राहिली आहे. तिच्यात माशाला हात लावायचा नाही. पाणी घ्यायचे आणि त्या पाण्यात कोण वावरून गेले ते त्याच्या डीएनएवरून ओळखायचे. २००८ मध्ये जेंतिले फिचेतोला आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या तळ्यांत अमेरिकन बुलफ्रॉग आहे की नाही, हे जेमतेम १५ मिलिलिटरच्या नमुन्यांवरून सांगितले आणि या वाटेला पर्यावरणीय डीएनए म्हणून गती मिळाली. बेडूक मोठा, तळे साचलेले. ओढ्यातल्या माशाच्या पोटातला कृमी त्या मानाने पुष्कळच अवघड, कारण तो मुळात पाण्यात नसतोच. तो माशाच्या आत असतो, मासा पाण्यात असतो. या पद्धतीची खरी गंमत इथून पुढे आहे.

पहिली गंमत वेळापत्रकाची. आतड्यातला पट्टकृमी पाण्याला कधी भेटतो, हे ज्याला माहीत आहे त्यालाच बाटली कधी भरायची ते कळते. वामेतल्या सेंगाच्या गटातले कृमी अंडी सोडतात, ती विष्ठेतून पाण्यात येतात, अंड्यातून केसाळ, पोहणारी अळी बाहेर पडते आणि एखाद्या सायक्लॉप्सने ती गिळली की तिची पुढची वाढ सुरू होते. मागुरातल्या लायटोसेस्टसची तऱ्हा निराळी. त्याच्या गटात पोहणारी अळीच नाही. अंडे तळाला बसते आणि गाळातला गांडुळाच्या कुळातला बारीक कृमी ते खातो. म्हणजे एकाच डोहातले हे दोन परजीवी, पण एकाला शोधायचे तर उघड्या पाण्यात आणि दुसऱ्याला गाळालगत. बालाघाटच्या डोंगरातून उतरणारी बीडची बिंदुसरा नदी पावसाळ्यात वाहते, हिवाळ्यात रोडावते आणि उन्हाळ्यात तिच्यासारख्या प्रवाहांचे डोह उरतात. डोहात मासे दाटीने येतात, सायक्लॉप्सही दाटतात, आणि परजीवीला यजमान शोधायला लांब जावे लागत नाही. तोच डोह, पण श्रावणातली बाटली आणि फाल्गुनातली बाटली यांच्यात वेगवेगळा मजकूर असणार. नमुना घेणाऱ्याच्या वहीत तारखेशेजारी पाण्याचे तापमान आणि प्रवाहाची नोंद दिसली की समजावे, माणूस जाणता आहे.

तो जाणता आहे हे त्याच्या चालण्यावरूनही कळते. तो ओढ्याच्या खालच्या अंगाने वर चढतो, वरून खाली येत नाही. प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि आपल्या पायांनी ढवळलेले पाणी मागे जाऊ देतो. प्रत्येक ठिकाणी नवे हातमोजे.

मग गाळणे. इथे मराठी वाचकाला काहीच परके वाटायला नको. नारूच्या दिवसांत पाणी गाळून प्या, असे गावोगाव सांगितले जाई, ते सायक्लॉप्ससाठीच. बारवेच्या पाण्यातला तो जेमतेम मिलिमीटरभर जीव नारूची अळी पोटात घेऊन फिरे आणि दुहेरी फडके त्याला अडवी. नारूविरुद्धच्या मोहिमेत त्या फडक्याचा मोठा वाटा होता. २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. आजचा गाळणकागद म्हणजे त्याच फडक्याचे बारीक वीण असलेले भावंड. त्याची छिद्रे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजतात, आणि तो कृमीची अंडी, अळी, अळी गिळलेला सायक्लॉप्स, माशाच्या श्लेष्म्यातल्या पेशी, सारे काही अडवून धरतो. छिद्र किती बारीक ठेवायचे, हा निर्णय मला विशेष रसिकतेचा वाटतो. फार बारीक ठेवले तर अर्ध्या लिटरातच कागद चोंदतो आणि पाणी पुढे सरकत नाही. थोडे मोठे ठेवले तर सुटा डीएनए निसटतो, पण पाच लिटर पाणी गाळता येते. परजीवीचा माग बहुधा सुट्या डीएनएत कमी आणि अख्ख्या अंड्याअळ्यांत जास्त असतो. म्हणून जाणकार थोडे मोठे छिद्र निवडतो आणि पाणी भरपूर गाळतो. एका छिद्राच्या निवडीत कृमीचे सगळे जीवनचक्र ध्यानात घेतलेले असते.

आता या कलेचा गाभा. कागदावरून काढलेल्या डीएनएत मासा आहे, बेडूक आहे, शेवाळ आहे, काठावर पाणी प्यायला आलेली म्हैस आहे, नमुना घेणारा माणूसही आहे. या गर्दीतून एका कृमीला हाक मारायची, आणि तीही अशी की शेजारच्या भावंडाने ओ देता कामा नये. त्यासाठी डीएनएचे वीसेक अक्षरांचे दोन तुकडे घडवतात, त्यांना प्रायमर म्हणतात. दोघांच्या मध्ये शंभर-दीडशे अक्षरांचा मजकूर राहील असे ते बसवतात. एवढा छोटा मजकूर का? कारण पाण्यातल्या डीएनएच्या चिंध्या झालेल्या असतात, लांब पान शाबूत मिळत नाही. कोणते पान निवडायचे, तेही विचारपूर्वक. रायबोसोमचे जनुक पेशीत शेकडो प्रतींत असते, त्यामुळे अगदी थोड्या मागावरही सापडते, पण जवळच्या जातींत ते जवळपास सारखे असू शकते. मायटोकाँड्रियाचे जनुक पिढ्यांगणिक लवकर बदलते, त्यामुळे भावंडांना वेगळे काढते, पण ते दर जातीत इतके वेगळे की सगळ्या गटाला पुरेल असा प्रायमर घडवणे कठीण. नेमकेपणा हवा की तीक्ष्ण नजर, याचा तोल प्रत्येक कृमीसाठी नव्याने साधावा लागतो.

आणि त्यातही एक बारकावा असा आहे की तो समजल्यावर मी प्रायमरची अक्षरे कवितेच्या ओळीसारखी वाचू लागलो. दोन जातींत फरक असलेले अक्षर प्रायमरच्या मध्यावर आले तर फारसा उपयोग होत नाही, डीएनएची नक्कल करणारे विकर त्याकडे काणाडोळा करून पुढे जाते. तेच अक्षर प्रायमरच्या शेवटच्या टोकाला आणून ठेवले, तर विकराला पुढचे अक्षर जोडायला आधारच उरत नाही. नक्कल बहुधा होतच नाही. म्हणजे जात ओळखण्याचा सगळा भार एका टोकाच्या अक्षरावर तोलून धरलेला असतो. चांगल्या प्रायमरची जोडी पाहताना आधी दोन्ही टोकांकडे बघावे. फरक तिथे नेऊन ठेवलेला दिसला, की घडवणाऱ्याला मनातल्या मनात दाद दिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

दोन प्रायमरांच्या मध्ये बसवतात तो प्रोब. त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा रेणू. दोघे जवळ असतात तोवर अंधार. विकर मजकूर वाचत आले की वाटेतल्या प्रोबचे तुकडे होतात, दोघे दूर होतात आणि चमक मोकळी होते. दर आवर्तनाला प्रती दुप्पट होतात, चाळीसेक आवर्तने चालतात. पडद्यावरची रेघ बराच वेळ आडवी पडून राहते आणि मग एकाएकी उसळी घेते. ती कितव्या आवर्तनाला उसळली, त्यावरून सुरुवातीला माल किती होता ते कळते. माल दहापट कमी असेल तर उसळी साधारण ३.३ आवर्तनांनी लांबते, कारण दुपटीच्या हिशेबाने दहापट व्हायला तेवढीच आवर्तने लागतात. ज्ञात प्रमाणातल्या नमुन्यांच्या रेघा समान अंतरावर एकापाठोपाठ उसळलेल्या दिसल्या, की सगळे गणित नजरेने पडताळता येते. तानपुरा नीट जुळला आहे हे जसे कानाला कळते, तसे हे डोळ्याला.

चांगल्या कामाची पारख मी मात्र वेगळ्या जागी करतो: कोऱ्या नमुन्यांत. नदीवर जाताना सोबत शुद्ध पाण्याची बाटलीही न्यायची, तीही काठावर उघडायची, त्याच उपकरणातून गाळायची आणि पुढे सगळे सोपस्कार तिच्यावरही करायचे. प्रयोगशाळेत डीएनए काढताना आणखी एक कोरा, पीसीआर, म्हणजे नकलांची ती आवर्तने, लावताना आणखी एक. यांतल्या एकाही कोऱ्यात कृमी दिसला, तर त्या दिवसाचे सगळे निकाल संशयास्पद. दुसरीकडे, खऱ्या नमुन्यात ओळखीचा थोडा डीएनए मुद्दाम मिसळून तो नीट उमटतो का तेही पाहायचे. तो उमटला नाही, तर पाण्यातल्या कशाने तरी विकराला अडवले आहे, आणि मग 'कृमी नाही' म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. निबंधातले हे तक्ते वाचताना बहुतेक जण पान उलटतात. या कामाची शालीनता मला याच तक्त्यांत दिसते, आपल्या शंकेला इथे आपल्या शोधाइतकाच मान दिलेला असतो.

या कलेचा एक देखणा नमुना नॉर्वेतला. तिथे जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा अर्ध्या मिलिमीटरचा कृमी १९७० च्या दशकात बाहेरून आला आणि पन्नासेक नद्यांतल्या सामन माशांवर पसरला. पिल्लालाच जन्म देणारा हा कृमी, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचे पिल्लू आधीच वाढत असते, त्यामुळे एक कृमी पोहोचला तरी नदी गेली. नद्या वाचवण्यासाठी त्यांत रोटेनोन ओतून सगळे मासे मारण्याची पाळी आली. पाहणीसाठीही पूर्वी मासे पकडून, मारून, त्यांचे पर सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागत. २०१८ मध्ये योहानेस रुश आणि सहकाऱ्यांनी नदीचे पाच-पाच लिटर पाणी गाळून हा कृमी शोधला आणि त्याच कागदावर त्याचे यजमानही शोधले, सामन आणि रेनबो ट्राउट दोन्ही. यातली हुशारी पटकन लक्षात येत नाही. सामनवरचा हा कृमी आणि ग्रेलिंग माशावरचा त्याचा सख्खा भाऊ यांच्यात रायबोसोमच्या काही भागांत फरकच नाही, तिथे अक्षरे हात टेकतात. पण पाण्यात यजमान कोण होता हे कळले, तर कृमी कुठला याच्या तर्काला वजन येते. नकारालाही अर्थ येतो. 'काहीच सापडले नाही' हे वाक्य दुबळे आहे. 'मासा सापडला, कृमी सापडला नाही' हे वाक्य नदीच्या बाजूने साक्ष देऊ शकते. आपल्याकडच्या सिंदफणा नदीच्या पाण्यात उद्या कोणी सेंगा शोधायला निघाले, तर पहिला प्रश्न वामेबद्दलच विचारावा.

अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवर ओरेगन राज्य विद्यापीठाची मंडळी सेराटोनोव्हा शास्ता या सामनच्या परजीवीसाठी नदीचे पाणी अशाच रीतीने तपासत आली आहेत. २००६ मध्ये साशा हॅलेट आणि जेरी बार्थोलोम्यू यांनी नदीच्या पाण्यातले त्याचे बीजाणू मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यात अडचण अशी की या परजीवीचे बीजाणू दोन रूपांत असतात. एक तळातल्या कृमीतून सुटते आणि माशाला बाधते, दुसरे मेलेल्या माशातून सुटते आणि कृमीला बाधते. डीएनए दोघांचा एकच, म्हणजे आकडा कळला तरी धोका कोणाला ते कळत नाही. या गटाने पाण्याच्या जोडीला पिंजऱ्यांत मासे ठेवून ते किती आजारी पडतात तेही पाहिले आणि आकड्याला अर्थ दिला. पद्धत कुठे थिटी पडते हे ओळखून तिला जोडीदार देणे, यात खरी हातोटी आहे.

आपल्या काळ्या मातीत ही सगळी कारागिरी नव्याने मांडावी लागेल, आणि मला तर हा भाग सर्वांत रसाळ वाटतो. पहिल्या पावसानंतर बीडच्या ओढ्यांचे पाणी चहाच्या रंगाचे होते, बारीक गाळणकागद वाटीभर पाण्यातच लिंपून जातो. मोठ्या छिद्राचा कागद आधी, बारीक नंतर, एका मोठ्या बाटलीऐवजी अनेक छोट्या, अशी बेगमी करावी लागते. वनस्पती कुजून आलेली आम्ले विकराला अडवतात, त्यावर उतारा म्हणून मिश्रणात गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन घालतात, ते ही आम्ले स्वतःकडे ओढून घेते. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडलेल्या उन्हात बर्फाचा भरवसा नाही, म्हणून गाळलेला कागद काठावरच रक्षक द्रावणात बुडवतात, मग तो सावलीत टिकतो. पण सर्वांत सुंदर गोष्ट मातीची आहे. उघड्या पाण्यातला डीएनए काही तासांत ते काही दिवसांत विरतो, ऊन जितके कडक तितका लवकर. चिकणमातीच्या कणांना चिकटलेला डीएनए मात्र विकरांच्या तावडीतून वाचतो आणि कितीतरी अधिक काळ राहतो. काळ्या मातीत ही चिकणमाती मुबलक. म्हणजे आपल्या डोहात वरचे पाणी आज कोण आहे ते सांगते आणि तळाचा गाळ पूर्वी कोण येऊन गेले ते. दोन्ही वेगवेगळे वाचता आले तर एका डोहातून दोन काळ हाती लागतात, आणि पाय आपटत चालणाऱ्याने गाळ ढवळला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. खालून वर चढण्याचे महत्त्व इथे पुन्हा पटते.

हे सगळे ज्या शब्दकोशावर उभे आहे, तो मात्र पुन्हा त्या जुन्या रेखाचित्रांकडे नेतो. पाण्यातल्या तुकड्याला नाव द्यायचे तर त्या नावाच्या कृमीची अक्षरे आधी कुठेतरी नोंदलेली हवीत. २०११ मध्ये अनिर्बन अश, टोमास शोल्झ आणि सहकाऱ्यांनी मागुरातल्या एकखंडी पट्टकृमींची फेरतपासणी केली, तेव्हा भारतातून मुख्यत्वे नोंदलेल्या पन्नासाहून अधिक नावांपैकी त्यांना आठच जाती टिकणाऱ्या वाटल्या. कृमी जास्त दाबला गेला की पसरतो, कमी दाबला की आखडतो, आणि मोजमापे बदलतात, हे त्यातले एक कारण. यामुळे त्या चित्रांची किंमत उतरते असे मी मानत नाही. कोणत्या माशात, कोणत्या पाण्यात, कोणत्या ऋतूत काय सापडले याची ती पिढ्यांची वही आहे, आणि रेघ तोडून खोली दाखवणारा तो हात अजूनही अस्सल आहे. अडचण इतकीच की फॉर्मालिनमध्ये घट्ट केलेल्या कृमीतून वाचण्यासारखा डीएनए मिळणे फार कठीण. चित्र राहिले, अक्षरे गेली.

यावर जगातल्या जाणत्या प्रयोगशाळांचा तोडगा सोपा आणि सुंदर आहे. कृमीचे शीर्ष आणि मागचा भाग काचेवर जातो, मधला छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये. एकाच जीवाचे रेखाचित्र आणि अक्षरे दोन्ही हाती राहतात, आणि कोणी नावावर शंका घेतली तर दोन्ही समोर ठेवता येतात. बीड, माजलगाव, अंबाजोगाईच्या प्राणिशास्त्राच्या विभागांना माझी विनंती एवढीच आहे: विद्यार्थी बाजारातून वाम, मागूर, मरळ आणतातच, आतडे उघडतातच, काचही करतात. कृमी फॉर्मालिनमध्ये जाण्याआधी त्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा शुद्ध अल्कोहोलच्या कुपीत टाका. मासा, नदी, गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आत ठेवा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.